कुंपणावरचा पाला

बंदराला बोट लागते पंधरवड्याने.
त्या दिवशी वावाऊचं अख्खं बेट
वाइनीकोलोच्या दुकानापुढे रांग लावतं:
मेंढीच्या बरगडीची गोठलेली चरबी,
खारवलेल्या मांसाचे डबे, पांढरे पाव,
आणि नूडल्सची खोकी. ती तर पोरं
शाळेच्या वाटेवर कोरडीच चावतात.

मीही उभी राहायचे. खोटं कशाला बोलू?
चरबी तव्यावर वितळायला लागली
की सेफानाया मळ्यातून, हाक न मारताच, घरी यायचा.

मग त्याच्या अंगठ्याला शिंपला लागला.
एवढीशी चीर.
तीन महिने मिटलीच नाही.

नर्स केसाइआनं बोटाला सुई टोचली,
यंत्रावरचा आकडा माझ्याकडे वळवला,
त्याच्याकडे नाही.
म्हणाली, "गोळ्या देते.
पण गोळी दिवसातून दोनदा,
आणि तुझी चूल तीनदा."

घरी आले ती कुंपणापाशीच थांबले.
लग्न होऊन आले त्या वर्षी रोवलेल्या
पेलेच्या काड्या, आता डोक्याच्या वर गेलेल्या.
पानं आम्ही डुकरांना घालायचो.
डुकरं ठणठणीत होती.

पहिल्या रात्री नारळाच्या रसात शिजवली.
भेंडीसारखी बुळबुळीत, चमच्यावरून घरंगळणारी.
धाकटा पेनी म्हणाला, "शेंबूड आहे हा."
होताच.
दुसऱ्या दिवशी आच कमी ठेवली.
तिसऱ्या दिवशी त्यात कुप्याचं डोकं टाकलं,
वर लिंबू पिळलं,
तेव्हा डोकं कोणाला यावर तोच भांडला.

सेफानाया भांडला नाही.
तो ताटाकडे बघायचा
जसं शेजाऱ्याच्या होडीकडे बघावं:
चांगली आहे, पण आपली नाही.

रविवारी पाद्री जेवायला येणार होते.
आमच्यात पाहुण्याचा मान डब्यांत मोजतात,
जेवढी उंच उतरंड तेवढं मोठं घर.
जाऊ लोसालीने म्हणाली, "पाला वाढणार?
लोक म्हणतील, यांच्याकडे
बोटीच्या मालाला पैसे उरले नाहीत."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.
पहाटे खड्ड्यात दगड तापवले,
सालीसकट निरफणस, कोनफळाचे तुकडे,
अळूच्या पानांत बांधलेला मासा,
वर केळीची पानं, वर माती.
डबा एकही उघडला नाही.
छाती धडधडत होती, चोरी केल्यासारखी.

पाद्री जेवले. बोलले काहीच नाहीत.
पेले दोनदा मागून घेतली.
मग चटईवर पाय लांब केला,
मोजा काढला,
आणि सेफानायाला दाखवली
दोन बोटं होती ती जागा.
कोणी प्रार्थना म्हटली नाही.
पाद्रींनी पायावरची माशी हाकलली, तेवढंच.

आकडा उतरला.
पुतणीच्या लग्नात परत चढला.
परवा न्हाणीच्या मागे कुत्र्यानं उकरले
वाळूत पुरलेले तीन रिकामे डबे,
आतून चाटूनपुसून स्वच्छ.

मी ओरडले नाही.
खिळ्यानं बुडाला भोकं पाडली,
माती भरली, एकेकात एक काडी रोवली
आणि ओळीनं मांडले पायरीवर,
तो सकाळी चपला घालायला बसतो तिथंच.

त्यानं बघितलं. हसला नाही, चिडलाही नाही.
चपला घातल्या, मळ्यात गेला.

आज मी उठले तेव्हा
तिन्ही डब्यांतली माती ओली होती.
पाऊस पडला नव्हता.
मीही पाणी घातलं नव्हतं.